रॅपिड बे जेटीवरून पहिला शोअर डाइव्ह: प्लॅन परतीच्या पायरीपासून करा

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघं, ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) तारकर्लीला केलंय, मग अंदमानात थोडे डाइव्ह झाले, सगळे बोटीवरून आणि गाइडच्या फिन्सकडे बघत. आता अ‍ॅडलेडला आलेत आणि लीफी सीड्रॅगन (सीहॉर्सचा भाऊबंद, पानांसारखा दिसणारा मासा) बघायला रॅपिड बेच्या जेटीवरून आपले आपण उतरायचंय, जुन्या जेटीच्या टोकाला जो टी आकाराचा भाग आहे तिथपर्यंत जाऊन परत यायचंय. बायकोला दम्याचा त्रास आहे, आणि शार्कचं काय, तेही विचारलंय. प्लॅन कसा करायचा?

आधी सरळ उत्तर देतो. जा, नक्की जा, पण पहिल्या खेपेला टीपर्यंत नको. का नको ते पुढे गणितासकट येईल.

बोटीवर आणि किनाऱ्यावर फरक काय, तर बोटीवर निम्मे निर्णय तुमच्या वतीने दुसरं कोणीतरी घेऊन टाकलेलं असतं. कुठे उतरायचं, करंट कुठल्या बाजूला आहे, आज जायचं की नाही, हे सगळं. आणि तुम्ही वर आलात की बोट तुमच्याकडे येते. जेटी तुमच्याकडे येत नाही, तुम्हालाच तिच्याकडे पोहत जावं लागतं, थकलेले असाल तरी आणि वारा फिरला असेल तरी. म्हणून शोअर डाइव्हचा प्लॅन मी नेहमी उलटा करतो: बाहेर कुठून येणार, त्या पायरीपाशी पोचताना टँकमध्ये किती हवा असणार, आणि ती पायरी वापरता आली नाही तर दुसरी जागा कुठली. ही तीन उत्तरं मिळाल्यावरच आत कुठे जायचं हे ठरवायचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, काय बघायचं ते आधी ठरवतात आणि परतीचं पाण्यात गेल्यावर बघू म्हणतात.

जागेची थोडी माहिती देतो कारण ती प्लॅनमध्ये लागते. रॅपिड बे अ‍ॅडलेडपासून दक्षिणेला साधारण १०० किलोमीटर, फ्लूरियू पेनिन्सुलावर. इथे दोन जेटी आहेत. जुनी लांबलचक जेटी बीएचपी कंपनीने १९४० च्या दशकात वापरायला घेतली, मागच्या डोंगरातला चुनखडीचा दगड जहाजात भरायला, म्हणूनच टोकाला तो टी आहे. ती जवळपास ४९० मीटर होती, मोडकळीला आल्यावर २००४ मध्ये लोकांसाठी बंद केली. तिच्या शेजारी २००९ मध्ये नवी जेटी झाली, साधारण २४० मीटरची, आणि तिला डाइव्हर्ससाठी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या केल्या. म्हणजे तुम्ही नव्या जेटीवरून चालत जाणार, पायऱ्यांनी उतरणार, आडवं पोहून जुन्या जेटीचे खांब गाठणार आणि त्यांच्या कडेकडेने बाहेर जाणार. खोली टीपाशी ९-१० मीटर, त्यामुळे नो-डेको लिमिटची (वर येताना थांबे न घेता खाली किती वेळ राहता येतं त्या मर्यादेची) चिंता जवळजवळ नाही. आणि नेमकं म्हणूनच लोक गाफील राहतात. खोली कमी म्हणजे सोपा डाइव्ह असं वाटतं, पण इथे अवघड आहे ते अंतर.

आता वारा. रॅपिड बेचं तोंड वायव्येकडे आहे. दक्षिणेचा किंवा पूर्वेचा वारा असेल तर मागचे डोंगर आडोसा देतात, पाणी बरंच शांत राहतं. उत्तर, वायव्य किंवा पश्चिमेचा वारा असेल तर लाटा थेट आत येतात, पायऱ्यांवर आपटतात आणि खालचं सगळं ढवळून व्हिजिबिलिटी जाते. ब्युरो ऑफ मिटिऑरॉलॉजीचा (इथलं हवामान खातं) गल्फ सेंट व्हिन्सेंटचा, म्हणजे रॅपिड बे ज्या आखातावर आहे त्याचा, मरीन फोरकास्ट आदल्या रात्री एकदा आणि सकाळी निघताना एकदा बघायचा. वाऱ्याचा आकडा बघता तशी दिशाही बघा, आणि दुपारनंतर ती बदलणार आहे का तेही, कारण तुम्ही अकराला उतरलात आणि बाराला वारा वायव्येला फिरला तर आत जाताना जी पायरी सोपी होती तीच बाहेर येताना उचलून आपटेल. चुकीच्या दिशेचा १२ नॉट्सचा वारा मला बरोबर दिशेच्या १८ पेक्षा जास्त नकोसा वाटतो. नवीन असाल तर कुठल्याही दिशेचा १० नॉट्सच्या वर गेला की दुसरा दिवस बघा.

भरती-ओहोटीच्या बाबतीत साउथ ऑस्ट्रेलियाकडे एक भन्नाट गोष्ट आहे जी आपल्याकडे अशी बघायला मिळत नाही. कोकणात उधाण आणि भांग सगळ्यांना माहीत असतं, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. पण आपल्याकडे भांगालासुद्धा पाणी चांगलंच वर-खाली होतं, कारण चंद्राचा जोर सूर्यापेक्षा बराच जास्त पडतो, दोघं एकमेकांच्या विरोधात ओढत असले तरी चंद्राचं उरतंच. या गल्फमध्ये मात्र दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीत चंद्राचा आणि सूर्याचा वाटा जवळजवळ सारखा आहे. त्यामुळे भांगाच्या दिवशी दोघं एकमेकांना जवळपास पूर्ण खोडून काढतात आणि एखाद-दोन दिवस पाणी हलायचंच विसरतं. इथले लोक त्याला डॉज टाइड म्हणतात. टाइड टेबलमध्ये दिवसभर आकडे जवळपास तेच ते दिसले की समजायचं हा तो दिवस. करंट नगण्य, गाळ खाली बसलेला, पहिल्या डाइव्हसाठी यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. घरी कालनिर्णय असेल तर अष्टमी शोधा आणि तिच्या पुढचे एक-दोन दिवस टाइड टेबलवर तपासा, महिन्यातून दोनदा संधी मिळते. डॉजचा वीकएंड जुळत नसेल तर दुसरा पर्याय भरतीचं पाणी थांबतं ती वेळ, म्हणजे हाय टाइडच्या अर्धा-पाऊण तास आधी उतरायचं. पाणी वर असलं की पायऱ्याही सोप्या जातात, ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. उधाणाच्या दिवशी मधल्या वेळात नवख्यांनी टीकडे जाऊच नये, तिथे आडोसा संपतो आणि करंट जाणवायला लागतो.

आता ते गणित. समजा तुमच्याकडे नेहमीचा ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम टँक आहे आणि २०० बार (दाबाचं माप) भरलाय. म्हणजे २,२२० लिटर हवा. ५० बार राखीव, ते ५५५ लिटर बाजूला काढा, उरले १,६६५. वर किनाऱ्यावर मिनिटाला २० लिटर वापरणारा माणूस ९ मीटरवर दाब वाढल्यामुळे १.९ पट वापरतो, म्हणजे ३८ लिटर. १,६६५ भागिले ३८, झाली ४३ मिनिटं. हे शांत, सरावलेल्या माणसाचं. थंड पाणी, जाड सूट, नवीन जागा, म्हणून तुम्ही २५ लिटर धरा, मग मिळतात फक्त ३५ मिनिटं. आता अंतर. नव्या जेटीच्या टोकापासून जुन्या जेटीच्या टीपर्यंत २५० मीटरच्या आसपास, आडवं पोहून जायचं ते वेगळं. खांबांमध्ये डोकावत, मासे बघत पोहणारा माणूस मिनिटाला १० मीटरपेक्षा जास्त जात नाही. म्हणजे जायलाच २५ मिनिटं. परत यायला, अगदी इकडेतिकडे न बघता सरळ आलात तरी १५-१७. बेरीज करा, ४० च्या वर जातेय आणि तुमच्याकडे ३५ आहेत. लीफीसमोर पाच मिनिटं थांबायची म्हटलं तर ती कुठून आणणार?

म्हणून म्हटलं पहिल्यांदा टी नको. सरावलेली मंडळी टी करतात ती मोठ्या स्टीलच्या टँकवर, किंवा जाताना बराचसा भाग पाठीवर पडून स्नॉर्केलने पोहून मग खाली जातात. तुम्ही सुरुवातीला जुन्या जेटीच्या खांबांपर्यंत जाऊन तिच्या कडेने साधारण शंभर मीटर बाहेर जा आणि फिरा. फिरायची वेळ प्रेशरवर ठरवायची, घड्याळावर नाही: दोघांपैकी ज्याचा काटा आधी १३० ला येईल त्याने मागे फिरायची खूण करायची आणि दुसऱ्याने वाद न घालता फिरायचं. उतरून पोहायला लागेपर्यंत ५-१० बार गेलेलेच असतात, त्यामुळे १३० ला फिरलात तर पायरीपाशी ७०-८० घेऊन पोचता, आणि हेच हवंय. त्या वरच्या २०-३० बारमध्ये पायरीवर गर्दी असेल तर थांबता येतं, लाट बघून पुढचीची वाट बघता येते, किंवा पायऱ्या सोडून बीचवरून बाहेर पडायचं ठरलं तर तिथपर्यंत पाण्याखालून जाता येतं. हवा कोण जास्त खातं हे आधीच माहीत करून घ्या. माझ्या अनुभवात जोडप्यात बहुतेक वेळा नवराच, पण ते पाण्यात कबूल करायला वेळ लागतो.

बीचची दुसरी एक्झिट उतरायच्या आधी चालत जाऊन डोळ्याने बघा. दोघांनी. नुसतं जेटीवरून बोट दाखवून नाही.

गिअरबद्दल. मालवण-तारकर्लीला पाणी २७-२८ डिग्री असतं, ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये तीन-चार किलो शिसं लावलं की काम होतं. इथे उन्हाळ्यात २०-२१ आणि हिवाळ्यात १३-१४ च्या आसपास. म्हणजे ७ मिलिमीटर, हूड, ग्लोव्ह्ज, बूट, आणि शिसं दुपटीच्याही वर जाऊ शकतं. तुमच्या जुन्या लॉगबुकातला वजनाचा आकडा इथे कामाचा नाही. वेट चेक (किती शिसं लावलं की नीट बुडता ते बघणं) आधीच एखाद्या उथळ शांत जागी करून घ्या, आणि अ‍ॅल्युमिनियम टँक रिकामा होत जातो तसा तो दोन-अडीच किलोने हलका होतो हे धरून करा, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत वर वर जायला लागाल आणि वर काय आहे, तर मासे पकडणाऱ्यांचे गळ. टँक स्वतःचा असेल तर इथे दरवर्षी तपासणी लागते, शिक्का जुना असेल तर दुकानात भरून देणार नाहीत.

हे सगळं अंगावर घेऊन २४० मीटर चालायचंय, त्याआधी पार्किंगपासूनचं वेगळं. ट्रॉली न्या, लाज वाटून घेऊ नका, सगळे नेतात. पण ट्रॉली ढकलायच्या आधी गाडीपाशीच टँक उघडून दोन्ही रेग्युलेटरमधून चार-चार श्वास घेऊन बघा, बीसीडी (हवेने फुगणारं जॅकेट) फुगवून बघा, कारण टँकच्या तोंडाची रबरी ओ-रिंग फुटलीये हे पायरीवर कळलं की परत तेवढंच चालायचं. जानेवारीत ३८-४० डिग्रीत सूट कमरेपर्यंतच चढवा, झिप टोकाला गेल्यावर. हिवाळ्यात उलट, बाहेर आल्यावर ओल्या सूटमध्ये वाऱ्यात तेवढंच अंतर चालताना माणूस गारठतो, जाड जॅकेट आणि थर्मासमध्ये चहा ठेवा. हो आणि गाडीची किल्ली. रिमोटवाली किल्ली बीसीडीच्या खिशात घालून उतरणारे लोक मी पाहिलेत, नंतर टो-ट्रकची वाट बघत बसलेले पण पाहिलेत.

पायऱ्यांवर: उतरताना रेग्युलेटर तोंडात, मास्क डोळ्यावर, एक हात कठड्यावर, फिन्स शेवटच्या कोरड्या पायरीवर. लाटा तीनचार मोठ्या, मग जरा शांत, असं चालू असतं, एक मिनिट नुसतं बघा आणि शांत वेळेत उतरा. बाहेर येताना फिन्स काढायच्या ते कठडा घट्ट धरल्यावरच, आणि रेग्युलेटर दोन्ही पाय पायरीवर पक्के टेकेपर्यंत तोंडातून काढायचा नाही. एकाने वर जाईपर्यंत दुसऱ्याने थोडं लांब थांबायचं, खाली नाही, वरचा पाय घसरला तर टँकसकट अंगावर येतो. पायऱ्या दुरुस्तीसाठी बंद आहेत का आणि जुन्या जेटीजवळ कुठे जायला मनाई आहे का याचे बोर्ड वाचा, नियम बदलत असतात. जुन्या जेटीचं लाकूड-लोखंड पडायला आलेलं आहे, तिच्या खाली वर यायचं नाही. वर यायचं तर आधी खांबांपासून बाजूला सरकायचं आणि मग.

पाण्याखाली रस्ता शोधायला फार डोकं लागत नाही, खांबांची रांगच कठड्यासारखी कामाला येते. फक्त नवी जेटी ते जुनी जेटी हा मोकळा पट्टा कंपासने करा, वरून जेटीवर उभं असतानाच बेअरिंग (कंपासवरची दिशा) घ्या आणि उलटं बेअरिंग हातावरच्या स्लेटवर लिहून ठेवा. व्हिजिबिलिटी चार मीटर असेल तर हा छोटासा पट्टाच लोकांना चकवतो. एकमेकांना हरवलात तर एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं, दोघांनीही, हे कोरड्यावर बोलून घ्या.

मासे पकडणारे. जेटीवर स्क्विड आणि गारफिश पकडायला कायम लोक असतात, आणि ती त्यांचीही जागा आहे. उतरायच्या आधी जाऊन सांगा की आम्ही या बाजूने जाणार, इतक्या वेळाने येणार, बहुतेक जण दोर वर घेतात आणि शिवाय कुठे काय दिसतं तेही सांगतात. लाइन कटर किंवा छोटी सुरी हात पोचेल तिथे लावा, सुटलेल्या नायलॉनच्या दोऱ्या खांबांना गुंडाळलेल्या असतात आणि दिसत नाहीत. जेटीची कड सोडून बाहेर जाणार असाल तर निळ्या-पांढऱ्या अल्फा फ्लॅगचा (खाली डाइव्हर आहे सांगणारा झेंडा) फ्लोट हवा, बोटींना त्याच्याजवळ वेग कमी करावा लागतो, पण फ्लॅग दिसला तरच ना.

आता ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो लीफी. साउथ ऑस्ट्रेलियाचं सागरी मानचिन्ह, जास्तीत जास्त ३५ सेंटिमीटर, आणि तरंगणाऱ्या शेवाळाच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून लोक त्याच्या समोरून निघून जातात. तो टीपाशीच असतो असं काही नाही, खांबांच्या कडेला जिथे सीग्रास आणि शेवाळाचे पट्टे आहेत तिथे हळूहळू बघत जा, शेवाळ लाटेबरोबर हलतं आणि हा त्याच्या उलट किंवा जरा उशिरा हलतो, त्यावरून ओळखायचा. उन्हाळ्याच्या आधीपासून उन्हाळाभर नराच्या शेपटीखाली गुलाबीसर अंडी दिसू शकतात, दोनशे-अडीचशे, पिल्लं होईपर्यंत तोच वागवतो. हात लावायचा नाही, वर-खाली पिटाळायचा नाही कारण भराभर खोली बदलली की त्याला इजा होते, आणि तोंडावर टॉर्च किंवा फ्लॅश मारत बसायचं नाही. कायद्याने संरक्षित आहे, दंड होतो. बाकी खांबांवर हात टेकू नका, शिंपल्यांच्या कडा ग्लोव्ह फाडतात, आणि रिकामा शिंपला किंवा बाटली उचलून आत काय आहे बघायचा मोह टाळा, ब्लू-रिंग्ड ऑक्टोपस अशाच जागी बसतो, एवढुसा असतो आणि त्याच्या विषावर उतारा नाही. शार्कचं विचारलंयत म्हणून, हो, या समुद्रात ग्रेट व्हाइट आहेत, दिसल्याच्या बातम्या बघूनच निघा, पण खरं सांगायचं तर इथे नवख्या डाइव्हरला जास्त धोका संपत आलेल्या हवेचा आणि निसरड्या पायरीचा आहे.

अजून एक, हे नवीन आहे. मार्च २०२५ पासून या किनाऱ्यावर कॅरेनिया जातीच्या सूक्ष्म शेवाळाचा मोठा ब्लूम (बेसुमार वाढ) आला, सुरुवात फ्लूरियूच्याच वेटपिंगा बीचकडून झाली, पुढे गल्फमध्ये पसरला, मासे, रे, सीड्रॅगन सगळ्यांना फटका बसला. त्यामुळे जुने फोटो बघून अपेक्षा ठेवू नका, आणि निघायच्या आधी राज्य सरकारचं ताजं अपडेट बघा. पाण्याचा रंग विचित्र असेल, दाट फेस असेल, किनाऱ्यावर उभं राहूनच डोळे चुरचुरत असतील किंवा खोकला येत असेल तर उतरायचं नाही. वहिनींना दम्याचा त्रास आहे असं लिहिलंयत, मग तर लांबूनच परत फिरा. आणि दम्याचं म्हणाल तर ब्लूम नसला तरी आधी डाइव्हिंग मेडिसिन जाणणाऱ्या डॉक्टरकडून क्लिअरन्स घ्या, तारकर्लीचा फॉर्म भरून झाला त्याला आता बराच काळ लोटला असेल.

किनाऱ्यावर तिसरा माणूस ठेवा, डाइव्हर नसला तरी चालेल, मित्र, भाऊ, कोणीही. त्याला एक वेळ लिहून द्या: एवढ्या वाजेपर्यंत आम्ही पायरीवर दिसलो नाही तर ००० (इथला इमर्जन्सी नंबर). तुमच्या सिमला तिथे रेंज येते का ते पोचल्या पोचल्या बघा, नसेल तर कुठे येते ते त्याला माहीत हवं. डाइव्हर्स इमर्जन्सी सर्व्हिसचा नंबर १८०० ०८८ २०० त्याच्याही फोनमध्ये टाका, आणि डीकम्प्रेशनच्या त्रासावर उपचार करायचं हायपरबॅरिक चेंबर (दाबाची खोली) रॉयल अ‍ॅडलेड हॉस्पिटलला आहे. नंतर मुंग्या, सांधेदुखी, विचित्र थकवा वाटला तर आधी फोन, मग गूगल. इंडियाची फ्लाइट असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, दोन किंवा जास्त केले असतील तर किमान १८ तास विमान नको.

आणि वेळ असेल तर रॅपिड बेच्या आधी एकदा पोर्ट नोर्लंगा करून या. शहरापासून जवळ, तिथेही जेटीला पायऱ्या, समोर रीफचा आडोसा, माणसांची वर्दळ. तिथे ओहोटीच्या सुमारास रीफ लाटा अडवतो त्यामुळे आतलं पाणी शांत असतं. वेट चेक, पायऱ्यांवर चढ-उतार, दोघांचा हवेचा खरा आकडा, हे सगळं तिथेच निघून येईल. तिथे सुरुवातीचं आणि शेवटचं प्रेशर, सरासरी खोली आणि मिनिटं लिहून घ्या, वरच्या गणितात माझ्या २५ च्या जागी तुमचा आकडा टाका, आणि मग ठरवा रॅपिड बेला शंभर मीटर जायचं की दीडशे. कॅमेरा त्या दिवशी गाडीतच ठेवा.